रानातले मोठे फळ पाहून संकरासाठी झाड निवडावे का?

तुमचा प्रश्न असा आहे: रानातल्या चाळीस झाडांपैकी सर्वांत मोठ्या फळांची पाच झाडे संकरासाठी घ्यावीत, की आधी डीएनए तपासणी करावी? माझे स्पष्ट मत, दोन्हींच्या आधी कलमे बांधा.

उभ्या झाडाकडे पाहून त्याच्या गुणांत जनुकांचा वाटा किती आणि जागेचा किती, हे कुणालाच सांगता येत नाही. ओलाव्याच्या, उन्हाच्या जागेवरचे झाड मोठे फळ देते. बहर विरळ असला तरी फळ मोठे होते. म्हणून प्रत्येक झाडाच्या काड्या आणून एकाच प्रकारच्या खुंटावर किमान तीन-चार कलमे करा आणि ती शेतात विखरून लावा. एका झाडाची सगळी कलमे एकाच ओळीत लावलीत तर मेहनत वाया गेली. मधूनमधून ओळखीची एक जातही तुलनेसाठी लावा. एकाच झाडाच्या कलमांमध्ये आपसांत दिसेल तो फरक परिस्थितीचा. वेगवेगळ्या झाडांच्या कलमांमध्ये त्याहून जास्त दिसेल तो जनुकांचा. वजन, ब्रिक्स (रसातल्या साखरेचे माप) आणि आम्लता पिकण्याच्या एकाच टप्प्यावर मोजा, तेही निदान तीन बहर. बरीच फळझाडे एका वर्षाआड भरून फळतात, त्यामुळे एका हंगामाचे आकडे फसवतात.

कलमांवरून झाड स्वतः कसे आहे ते कळते, संतती कशी निघेल ते कळत नाही. त्यासाठी प्रत्येक झाडाच्या बियांची रोपे वेगवेगळी वाढवून त्या कुळांची सरासरी ताडून पाहावी लागते. लिंबूवर्गीय किंवा बहुभ्रूणी (एका बीतून अनेक रोपे देणाऱ्या) आंब्यासारखी प्रजाती असेल तर सांभाळा. तिथे बरीच रोपे आईचीच नक्कल असतात.

आणि लहान फळाची झाडे कृपा करून टाकू नका. मॅलस फ्लोरिबंडा ८२१ या शोभेच्या सफरचंदाचे फळ जेमतेम सेंटिमीटरभर. १९१४ साली अमेरिकेतल्या इलिनॉय इथे त्याचा रोम ब्युटी या सफरचंदाच्या जातीशी संकर झाला. त्या संततीत स्कॅब या सफरचंदाच्या बुरशीजन्य रोगाला तोंड देणारे जनुक आहे हे पुढे लक्षात आले, पण फळ खाण्याजोगे होईपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या चांगल्या जातींशी संकर करत राहावे लागले. त्यातून निघालेली प्रिमा ही जात बाहेर आली १९७० मध्ये. पुढे युरोपात त्या जनुकाला न जुमानणाऱ्या बुरशीचे उपप्रकारही सापडले. म्हणूनच प्रतिकाराचा एकच स्रोत मिळाला की शोध थांबवू नये, असे मी आग्रहाने सांगतो.

डीएनए मार्करचे, म्हणजे डीएनएमधल्या ओळखखुणांचे, काम वेगळे आहे. कोणती झाडे एकमेकांची भावंडे, कोणती मुळांतून फुटलेली एकच, कुणात शेजारच्या बागेतले परागकण मिसळले, हे त्यातून नेमके कळते. फळाची चव सर्वसाधारण मार्कर सांगत नाहीत. ५ टक्के प्रमाणात असलेला जनुकप्रकार हाती लागण्याची शक्यता ९५ टक्के हवी असेल, तर एकमेकांशी नाते नसलेली, न निवडता घेतलेली सुमारे ३० झाडे पुरतात. तुमची चाळीस झाडे फळ बघून निवडलेली असतील तर हा हिशेब त्यांना लागू होत नाही. फळ न बघता, अंतर राखून आणखी काही झाडे घ्या.

काड्या मात्र येत्या योग्य हंगामातच आणा, कारण रानातले झाड पुढच्या वर्षी उभे असेलच असे नाही. प्रजाती कोणती आणि झाडांमध्ये अंतर किती, ते कळवा. कलमांची मांडणी त्यावरून ठरवू.