नव्या पिल्लाला आधी दाराआड ठेवा

प्रश्न : खानापूर तालुक्यातील आमच्या कौलारू घरात नऊ वर्षांचा बोका आहे. मागच्या आठवड्यात धाकट्या जाऊबाईंनी बेळगावहून मांजरीचे दोन महिन्यांचे पिल्लू आणले. तेव्हापासून बोका त्याच्यावर फिस्कारतो आणि माळ्यावरून उतरत नाही. कालपासून त्याने मासळीलाही तोंड लावलेले नाही. पिल्लू परत द्यावे का?

उत्तर : पिल्लू परत देण्याची घाई करू नका. मला काळजी वाटते ती बोक्याच्या न खाण्याची. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले, तर यकृतात चरबी साचून ते गंभीर आजारी पडू शकते. म्हणून आज रात्रीपर्यंत त्याने खाल्ले नाही, तर उद्या सकाळीच त्याला गुरांच्या दवाखान्यात न्या. तो पुन्हापुन्हा लघवीला बसत असेल आणि लघवी होत नसेल, तर सकाळचीही वाट पाहू नका, कारण बोक्याचा मूत्रमार्ग तुंबणे जिवावर बेतते.

मांजराला घर ओळखू येते ते वासाने. ओसरीचे खांब, दाराच्या चौकटी, तुमची चटई हे सारे तुमच्या बोक्याने नऊ वर्षे गाल घासून आपलेसे केले आहे आणि त्यात अचानक परका वास शिरला आहे. फिस्कारून तो फक्त ‘लांब राहा’ असे सांगतो. त्याबद्दल त्याला ओरडलात, तर पिल्लू दिसले की आपल्याला बोलणी बसतात, एवढेच तो शिकेल.

पिल्लाला दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा. तेवढ्यात त्याला जंताचे औषध द्या, पिसवा काढा आणि पहिली लस टोचून घ्या. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर द्यायची असते. रोज एक मऊ फडके पिल्लाच्या गालांवरून फिरवून बोक्याच्या ताटलीपासून हातभर अंतरावर ठेवा. पहिल्या दिवशी तो हुंगून मागे सरेल. त्या फडक्याशेजारी तो निवांत जेवू लागला, की बंद दाराच्या दोन्ही बाजूंना दोघांना एकाच वेळी खायला घाला आणि त्यानंतरच जाळीतून नजरभेट घडवा. पिल्लाला उचलून त्याच्यापुढे कधीही धरू नका. एवढ्याला महिनाही लागेल.

पावसाळ्यात दोघेही घरातच अडकतात, तेव्हा शी-शूसाठी माती भरलेले तीन ट्रे वेगवेगळ्या कोपऱ्यांत हवेत. पिल्लाला माळ्याची शिडी मात्र इतक्यात चढू देऊ नका. ती जागा बोक्याचीच राहू द्या.