टॅपेस्ट्री शिकताना काळ्या-पांढऱ्यावर एवढा वेळ का?

तुमचा प्रश्न वाचला. कोल्हापुरातल्या एका फायबर आर्टिस्ट बाईंकडे तुम्ही टॅपेस्ट्री, म्हणजे भिंतीवर लावायचं चित्र रंगीत धाग्यांनी विणायला, शिकायला जाताय, घरी चाळीसेक शेड्सची लोकर आणून ठेवलीय, रंकाळ्याची संध्याकाळ विणायची हे पक्कं ठरलंय. आणि बाई मात्र काळ्या, करड्या, पांढऱ्या धाग्यांच्या पुढे जाऊ देत नाहीत. क्लास बदलू का, असं विचारलंय.

ताई, अजिबात बदलू नका. असं शिकवणारं माणूस सहजासहजी मिळत नाही. का ते सविस्तर सांगते.

चित्रकार निळ्यात पिवळा कालवतो आणि हिरवा तयार होतो. आपल्याकडे निळा धागा निळाच राहतो आणि पिवळा पिवळाच. ते शेजारी शेजारी बसतात, आणि मिसळतात ते बघणाऱ्याच्या डोळ्यात, तेही थोडं लांबून. डोळा दोन रंग एक करतो तो मुख्यतः त्यांचा उजळपणा जवळपास असेल तेव्हा. गर्द निळ्यात लिंबू पिवळा टाकलात तर खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही ठिपके ठिपकेच दिसतील. तोच पिवळा मोहरीकडे झुकणारा घ्या, निळा एक-दोन पायऱ्या फिका घ्या, की दोघे जुळतात. तरी मिळणारा हिरवा दबका असतो, करड्या झाकेचा. टॅपेस्ट्रीतल्या रंगांना जी खोली येते ती यातूनच, त्यामुळे त्याला कमी लेखू नका.

म्हणजे रंग निवडायच्या आधी गडद-फिकं ओळखता आलं पाहिजे, आणि ते रंगीत धाग्यांत पटकन कळत नाही. लाल हमखास फसवतो, असतो त्यापेक्षा उजळ वाटतो. बाई तुमच्याकडून नेमकी हीच नजर तयार करून घेताहेत. घरी एक करून बघा. तुमच्या चाळीस शेड्सचा एकेक तुकडा पुठ्ठ्यावर गुंडाळा, दिवसाच्या उजेडात मोबाइलवर फोटो काढा आणि तो ब्लॅक अँड व्हाइट करा. निम्म्याहून जास्त शेड्स एकाच करड्यात गेलेल्या दिसल्या तर नवल वाटून घेऊ नका.

पॅरिसच्या गोबलँ या टॅपेस्ट्री विणणाऱ्या कारखान्याची गोष्ट इथे सांगावीशी वाटते. तिथे रंगाई विभागावर 1824 साली शेवरल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाची नेमणूक झाली. काळा रंग फिका उतरतो अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने तपासलं तर रंगाईत काही खोट नव्हती. तो काळा धागा निळ्या-जांभळ्या रंगांच्या शेजारी विणला जात होता आणि शेजाऱ्यांमुळे निस्तेज दिसत होता. यावरचं त्याचं पुस्तक 1839 साली आलं. तुमच्या करड्याच्या बाबतीतही हेच होणार. तोच धागा लालाशेजारी हिरवट दिसेल, हिरव्याशेजारी तांबूस. म्हणून शेड कधी सुट्या लडीवरून ठरवू नका, शेजारी जो रंग येणार त्याच्याजवळ धरून ठरवा.

आता प्रत्यक्ष मिश्रणाकडे येऊ. सगळ्यात उपयोगी पद्धत म्हणजे एका कांडीत (आडवा धागा गुंडाळायच्या छोट्या नळीवर) तीन-चार बारीक धागे एकत्र गुंडाळणं. समजा चार पदर आहेत आणि निळा व करडा असे दोन रंग. चारही निळे, मग तीन निळे एक करडा, मग दोन-दोन, असं करत चारही करड्यापर्यंत गेलात की दोन रंगांत पाच पायऱ्या मिळतात. तिसरा रंग घेतलात तर पंधरा. चाळीस शेड्स विकत घ्यायची गरजच उरत नाही. पदर एकमेकांवर पिळू नका, सैल राहू द्या, म्हणजे कुठे हा वर येतो, कुठे तो, आणि पृष्ठभाग जिवंत दिसतो.

दुसरी पद्धत ओळींची. टॅपेस्ट्रीत एक फेक (आडव्या धाग्याची, म्हणजे बाण्याची, एक ओळ) ताण्याचे, म्हणजे मागावरचे उभे, एकाआड एक धागे झाकते, परतीची फेक उरलेले झाकते. एक फेक निळी, एक करडी असं चालू ठेवलंत तर उभ्या बारीक रेघा येतात. दोन निळ्या, दोन करड्या टाकल्या तर आडव्या नागमोडी रेघा. हे वाचून पटणार नाही, मागावर करून बघा. तिसरी हॅचिंगची: दोन रंगांच्या कमी-जास्त लांबीच्या आडव्या ओळी फणीच्या दात्यांसारख्या एकमेकांत घुसवायच्या. मला स्वतःला ही सर्वांत आवडते, कारण रंग कुठे बदलला ते लपवायचा ती प्रयत्नच करत नाही.

पैठणी जवळून पाहिली असेल तर यातलं बरंच ओळखीचं वाटेल. पदरावरच्या प्रत्येक रंगाची वेगळी तिल्ली (छोटी कांडी) असते आणि शेजारचे बाणे एकमेकांत अडकवलेले असतात. तत्त्व तेच. फक्त धूपछाँव पैठणीत उभा ताणाही दिसतो म्हणून साडी हलली की रंग बदलतो. टॅपेस्ट्रीत ताणा पूर्ण झाकायचा असतो.

तो झाकला गेला नाही तर रंगांचा सगळा हिशेब चुकतो. सुताचा पांढरा ताणा मधून डोकावला की तुमच्या नकळत प्रत्येक रंगात पांढरा मिसळतो. ताणा दिसत असेल तर बाणा जाड झालाय, एक पदर कमी करा. आणि बाणा ताठ ओढू नका, कमान देऊन टाका, मग फणीने ठोका, नाहीतर कडा आत येतात. अ‍ॅक्रिलिकचा धागा ताणला जातो, त्याच्या बाबतीत जास्तच जपावं लागतं.

लोकरीसाठी लांब जायची गरज नाही. पट्टणकोडोलीकडे घोंगडी विणणाऱ्यांना जाऊन भेटा. दख्खनी मेंढीची लोकर खरखरीत असते, अंगाला टोचते, पण भिंतीवरच्या कामाला दणकट. काळा, तपकिरी, करडा, मळकट पांढरा हे तिचे उपजत रंग. बाईंचा सध्याचा धडा या लोकरीवर केलात तर करड्यातही किती उबदार आणि थंड छटा असतात ते दिसेल.

रंकाळा करताना एक लक्षात ठेवा: पाण्यातलं आकाश वरच्या आकाशापेक्षा सहसा थोडं गडद असतं. तोच रंग दोन्हीकडे वापरलात तर पाणी उभं राहणार नाही. पाण्याच्या कांडीत एक पदर गडद करड्याचा घाला, लाटांसाठी दोन-दोन फेकांच्या आडव्या रेघा वापरा. तलावातल्या संध्यामठाच्या खांबांना उभ्या कडा येतील आणि तिथे चिरा (दोन रंगांमधल्या उभ्या फटी) पडतील, त्या ठेवायच्या की शिवायच्या हे बाईंना आधीच विचारून घ्या. केशरी-पिवळ्यासाठी घरी हळदीत रंगवायचा विचार असेल तर नको, उन्हात ती लवकर उडते. मंजिष्ठा (तांबूस रंग देणारी मुळी) तुरटी लावून वापरली तर बरीच टिकते. शेड्स मात्र रात्री ट्यूबलाइटखाली ठरवू नका, सकाळी खिडकीपाशी बसून ठरवा.

आकाश आणि पाणी यांचा वीतभर नमुना आधी विणा. तो भिंतीला टांगून लांबून फोटो काढा आणि इथे टाका, पदर कुठे बदलायचे ते बघून सांगते.