पहिल्या गोधडीचे तुकडे जोडून झाले, आता पुढे काय? पूर्ण कशी करायची?

अर्ध्याच्या वर काम झालंय की मग, इथे फक्त घाई नको. खाली अस्तर उलटं पसरून चिकटपट्टीने जमिनीला ताणून लावा, त्यावर मधला थर (आतलं जाड भरण) आणि सगळ्यात वर तुमचे जोडलेले तुकडे, आणि खालचे दोन्ही थर चारही बाजूंनी ३-४ इंच जास्त ठेवा कारण शिवताना कापड सरकतंच. मग दर चार इंचावर सेफ्टी पिना. कंटाळवाणं आहे, पण मी एकदा आळस केला आणि मागे अशा चुण्या पडल्या की सगळं उसवावं लागलं.

शिवण मधून सुरू करून कडेकडे न्या. पहिल्या वेळी सरळ रेघाच मारा, नक्षीबिक्षी नंतर. मशीनला वॉकिंग फूट (वरचं कापडही खालच्या कापडाबरोबर पुढे सरकवणारा फूट) असेल तर सोन्याहून पिवळं, नसेल तर हाताने धावदोरा घाला.

शेवटी कडा कापून गोट. अडीच इंची पट्टी दुहेरी दुमडून लावा, कोपऱ्याच्या पाव इंच आधी थांबा, पट्टी आधी वर मग खाली दुमडा. पहिला कोपरा वाकडाच येतो, चालतंय.