वेलबीइंगवर मानसशास्त्रात पीएचडी करायची आहे, सुरुवात कुठून करू?

आधी नेमकं काय मोजायचं ते पक्कं करा. बहुतेकांची गाडी इथेच अडते. मानसशास्त्रज्ञ एड डीनर आणि सहकाऱ्यांच्या १९८५च्या मापनश्रेणीत (गुण देऊन मोजायच्या प्रश्नावलीत) फक्त ५ विधानं आहेत; प्रत्येकाला १ ते ७ गुण, एकूण ५ ते ३५. आपण आपल्या आयुष्यावर किती समाधानी आहोत, एवढंच ती विचारते. मानसशास्त्रज्ञ कॅरोल रिफ यांच्या १९८९च्या मांडणीत मात्र वेलबीइंगचे ६ पैलू आहेत: स्वायत्तता, नातेसंबंध, जगण्याचा हेतू, स्वतःचा स्वीकार वगैरे. तान्ह्या बाळामागे थकलेली आई डीनर यांच्या प्रश्नावलीत मागे पडू शकते आणि रिफ यांच्या ‘हेतू’त भरपूर गुण मिळवू शकते. साधन बदललं की निष्कर्षही बदलू शकतो.

मग प्रश्न लहान करा. ‘तरुणांचं मानसिक आरोग्य’ आवाक्याबाहेरचं आहे; ‘रात्रपाळीच्या परिचारिकांची झोप आणि समाधान’ जमण्यासारखं आहे. प्रश्नावली एकदाच भरून घेतली तर दोन गोष्टींचा संबंध दिसतो, पण एक दुसरीचं कारण आहे हे सिद्ध होत नाही. शक्य असेल तर त्याच लोकांकडे काही महिन्यांनी पुन्हा जा. संशोधनात सहभागींना त्रास होणार नाही ना, हे तपासणाऱ्या नैतिकता समितीच्या मंजुरीआधी एकही फॉर्म भरून घेऊ नका. आणि मार्गदर्शक ठरवण्यापूर्वी त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांशी जरूर बोला. मार्गदर्शक खरोखर किती वेळ देतात, हे त्या विद्यार्थ्यांकडूनच कळतं.