लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला जायचंय, मुलाखतीत काय सांगू?

प्रश्न : लेक न्यू जर्सीला असते, तिला दिवस गेलेत म्हणून आम्ही दोघंही जायचं ठरवतोय. मी झेडपीच्या शाळेतनं रिटायर झाले, हे शेती बघतात. एजंट म्हणतो बाळंतपणाचा विषयच काढू नका, नुसतं फिरायला चाललोय म्हणा, आणि इंग्लिश येत नसेल तर अवघडच आहे. फार टेन्शन आलंय. – एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, एजंटचं हे अजिबात ऐकू नका. लेकीच्या बाळंतपणाला आई-वडलांनी जाणं हे बी-१/बी-२ व्हिसासाठी (पाहुण्यांना, फिरायला जाणाऱ्यांना मिळतो तो) सरळ, चालणारं कारण आहे, त्यात लपवण्यासारखं काहीच नाही. खोटं बोलणं मात्र खरंच महागात पडतं. खरं सांगून व्हिसा नाकारला गेला तर बहुतेक वेळा तो तिकडच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम २१४(बी) खाली जातो, म्हणजे तुम्ही परत याल याची अधिकाऱ्याला खात्री पटली नाही एवढंच, पुन्हा फी भरून अर्ज करता येतो. पण मुद्दाम खोटी माहिती दिली असं ठरलं तर कायमची बंदी येऊ शकते, मग नातवंडाला बघायला तरी कशा जाणार?

आता फॉर्म. डीएस-१६०, म्हणजे व्हिसाचा ऑनलाईन अर्ज, लेकीने तिकडनं भरला तरी चालतो, पण सबमिट करायच्या आधी ओळ न् ओळ तुम्ही स्वतः वाचा, शेवटची सहीची क्लिकही ज्याची त्यानेच करायची असते. नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं, म्हणजे तुमच्या नावापुढे ह्यांचं नाव असेल तर तेही गिव्हन नेमच्या (आडनाव सोडून बाकीच्या नावाच्या) रकान्यात. आणि फॉर्म भरायला कोणी मदत केली का असा प्रश्न येतो, तिथे लेकीचं नाहीतर एजंटचं नाव द्यायचंच. फी माणशी १८५ डॉलर, व्हिसा नाही मिळाला तरी परत मिळत नाही. फोटो चष्मा काढून.

मग बोटांचे ठसे आणि फोटो द्यायची एक अपॉइंटमेंट, आणि मुलाखत मुंबईला बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुलातल्या) अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये. तिथे मराठीत बोलता येतं, त्यामुळे इंग्लिशचं टेन्शन सोडा, उगाच पाठ केलेली इंग्लिश वाक्यं बोलू नका. मुलाखत काही मिनिटांचीच असते. लेक काय करते, खर्च कोण करणार, किती दिवस राहणार, इकडे मागे कोण आहे, असंच विचारतात. "लेकीची डिलिव्हरी आहे, तिच्याजवळ राहायला चाललोय, अमुक महिन्यात परत येणार, माझी पेन्शन आहे, ह्यांची शेती आहे" एवढं स्वच्छ सांगितलं की झालं, फक्त महिना फॉर्ममध्ये लिहिलाय तोच सांगा आणि दोघांचं उत्तर एक येऊ द्या. सातबारा, पेन्शनचे कागद, लेकीच्या नोकरीचं पत्र, तिच्या व्हिसाची कॉपी फाईलमध्ये असू द्या, पण पुष्कळदा फाईल उघडायलाही सांगत नाहीत, त्यामुळे सगळी भिस्त कागदांवर ठेवू नका. मोबाईल आत नेता येत नाही. आणि तारीख मिळायला वेळ लागू शकतो म्हणून अर्ज आजच सुरू करा, तिकीट मात्र व्हिसा हातात आल्यावरच काढा.

प्रश्न : आईला दहा वर्षांचा व्हिसा मिळाला, म्हणजे ती सलग वर्षभर राहू शकेल ना? – एक वाचक, पुणे

उत्तर : नाही हो. दहा वर्षं म्हणजे तेवढ्या काळात विमानतळावर जाऊन आत सोडा म्हणायची मुभा. एका खेपेला किती राहायचं ते तिथला अधिकारी ठरवतो, साधारण सहा महिने देतात. उतरल्यावर आईचा आय-९४ (अमेरिकेत आल्याची नोंद) ऑनलाईन काढा, त्यावर जी तारीख असेल तिच्या आत निघायचं. आजारपण वगैरे खरंच काही अडचण आली तर ती तारीख उलटायच्या आधीच आय-५३९ हा फॉर्म भरून मुदतवाढ मागता येते.