डोक्याला ताप आणि रक्ताचा दाब

प्रश्न : वय ४४, पुरुष. नोकरी रात्रपाळीची, टार्गेटचं दडपण कायम. बीपी १४८/९४ निघालं. डॉक्टरांनी टेन्शन कमी करायला सांगितलं आणि टेल्मिसार्टनही सुरू केली. दुखणं मनाचं, तर गोळी कशाला? रक्तातलं कॉर्टिसॉल तपासून घेऊ का?

उत्तर : टेन्शन मनातच राहत नाही, हीच तर गोम आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधून ताणाचा हुकूम दोन वाटांनी सुटतो. मज्जातंतूंची वाट सेकंदांत पोचते : ॲड्रिनलिन वाढतं, हृदय धडधडतं, धमन्या आवळतात. हार्मोनची वाट संथ आहे. हायपोथॅलॅमस सीआरएच हे हार्मोन सोडतो, त्यावर पिट्यूटरी ग्रंथी एसीटीएच हे दुसरं हार्मोन सोडते आणि मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन.

साहेबांशी एकदा खटका उडाला, तर थोड्या वेळात सगळं जागेवर येतं. रोजच उडू लागला की मूत्रपिंडं यात ओढली जातात. तेच मज्जातंतू त्यांना डिवचतात, रेनिन नावाचं एन्झाइम सुटतं आणि त्यातून पुढे अँजिओटेन्सिन-२ हे हार्मोन बनतं. ते धमन्या आवळतं, अल्डोस्टेरॉन या ॲड्रिनलमधल्याच हार्मोनकरवी मीठ आणि पाणी अंगात अडवतं. वर मेंदूलाच पुन्हा चेतवतं, म्हणजे मज्जातंतू आणखी जोरात! टेल्मिसार्टन या अँजिओटेन्सिनला त्याच्या जागेवर बसू देत नाही. ताण तसाच राहिला तरी साखळी तिथे तुटते, म्हणून बरं वाटलं की परस्पर गोळी सोडायची नाही. मीठही दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर. लोणचं-पापड त्यातच धरा. अर्थात सगळं खापर नोकरीवर फोडू नका. घराण्यात बीपी असणं, वाढलेलं वजन, घोरणं हेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

कॉर्टिसॉलच्या सुट्या तपासणीवर पैसे घालवू नका. ते उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात शिगेला जातं आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला. रात्रपाळीत हे घड्याळच सरकलेलं असतं. एका आकड्यावरून काय कळणार? पोटावर जांभळट रुंद वण, सहज काळेनिळं पडणं, जिना चढताना मांड्यांत बळ नसणं, अशी कॉर्टिसॉल फारच वाढल्याची खूण असेल तर डॉक्टर वेगळ्या चाचण्या सांगतील.

प्रश्न : ताण आणि पित्तासाठी रोज ज्येष्ठमधाचा काढा घेते. बीपी आहे. चालेल?

उत्तर : नाही. कॉर्टिसॉल हे अल्डोस्टेरॉनचं कामही करू शकतं. तसं होऊ नये म्हणून मूत्रपिंडातलं एक एन्झाइम त्याला निकामी करत असतं. ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिन नेमकं त्या एन्झाइमला रोखतं. मग मीठ अडतं, पोटॅशियम घसरतं, दाब चढतो. आजच थांबवा आणि पोटॅशियम तपासा. काढा बंद केल्यावरही परिणाम ओसरायला दोन-तीन आठवडे लागू शकतात.

प्रश्न : दवाखान्यात धास्तीनेच बीपी चढतं. घरी कसं मोजू?

उत्तर : अर्धा तास आधी चहा, सिगारेट, व्यायाम नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पावलं जमिनीवर ठेवून ५ मिनिटं गप्प बसा. पट्टा उघड्या दंडावर, हात छातीच्या पातळीवर टेकवलेला. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. सकाळी गोळीआधी आणि संध्याकाळी, असं ७ दिवस. पहिला दिवस सोडून सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा वर असेल, तर तो केवळ दवाखान्याच्या धास्तीचा खेळ नाही. १८०/१२० च्या वर आकडा आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं किंवा बोलताना जीभ अडखळणं असेल, तर पुन्हा मोजत न बसता थेट इमर्जन्सीत जा.