मारुती ८००च्या दाराची पुट्टी १००० नंबरपर्यंत घासली, तरी प्रायमरनंतर लाटा का दिसतात?

तुम्ही म्हणता की दारावरचा पोचा पुट्टीने भरला, हाताने १००० नंबरच्या पॉलिश पेपरपर्यंत घासत नेला, बोट फिरवलं तर काचेसारखं लागतं, पण प्रायमर मारल्यावर उन्हात लाटा उठून दिसतात. माझ्या झेनच्या बॉनेटवर अगदी हेच झालं होतं आणि त्यात माझे तीन रविवार गेले, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पत्रा सरळ होतो तो ८० नंबरच्या कागदावर (नंबर लहान तितका कागद खरबरीत, मोठा तितका बारीक). पुढचे सगळे कागद फक्त आधीच्या कागदाचे ओरखडे काढतात. ८०ला राहिलेली लाट १०००ने जात नाही, उलट जास्त चमकते.

लाट येते ती हातामुळे. कागद बोटांखाली धरला की बोटं टेकतात तिथे जास्त घासलं जातं, मधे कमी. त्यात पुट्टी जुन्या पेंटपेक्षा मऊ, त्यामुळे हात तिथेच खड्डा पाडत जातो. म्हणून ठोकळा हवाच. मी सुताराकडून फूटभर लांबीची सागवानी पट्टी रंधा मारून घेतली आणि तिला कागद चिकटवला. ठोकळा पोच्यापेक्षा लांब हवा, म्हणजे त्याची दोन्ही टोकं चांगल्या पत्र्यावर टेकतात आणि उंची तिथून ठरते. दाराला वरून खाली गोलाई असते, आडवं ते बरंचसं सरळ असतं. तेव्हा ठोकळा आडवा धरायचा आणि तिरका ओढायचा, आधी एका बाजूने, मग उलट बाजूने, फुली मारल्यासारखा. दाबायचं नाही. कागद बोथट झाला की लगेच बदला, कागद वाचवायला गेलं की हात आपोआप जोर लावतो.

सुरुवात करण्याआधी मॅट काळ्या स्प्रे कॅनचा दीड फुटावरून हलका फवारा मारा, नुसते ठिपके पडतील इतकाच. मग घासा. काळं राहिलं ती जागा खोल, तिथे पुट्टीचा आणखी एक पातळ हात. चमकता पत्रा उघडा पडला ती जागा उंच. तिथे घासणं थांबवा आणि छोट्या हातोडीने हळूच ठोकून ती आत बसवा. हे न करता मी आजूबाजूला पुट्टी चढवत गेलो होतो, आणि सगळ्यात जास्त वेळ तिथेच गेला.

पुट्टीला हार्डनर, म्हणजे ती घट्ट करणारी पेस्ट, १०० ग्रॅमला साधारण २ ग्रॅम. जास्त घातला तर त्याचा डाग पुढे फिक्या रंगातून वर येतो. आणि ही पुट्टी कोरडीच घासा. ती पाणी धरते, मग वरचा पेंट फुगतो आणि खाली गंज लागतो. पावसाळ्यात उघडा पत्रा रात्रभरही तसाच ठेवू नका.

८० नंतर १५०, कडा जुन्या पेंटमध्ये मिसळायला ३२०, मग प्रायमर. पुट्टीवर १००० नकोच, प्रायमरला पकड कमी मिळते. पाणी लावून घासायचं ते प्रायमरवर, पुन्हा काळा फवारा मारून, ठोकळ्यानेच: ४००, मग ६००, मेटॅलिक रंग असेल तर ८००.

आता तुमच्या दाराचं. सगळं खरवडायची घाई करू नका. प्रायमर टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा, असेल तर काळा फवारा मारून ३२०ने कोरडं घासा. काळं जायच्या आधीच पुट्टी किंवा पत्रा दिसू लागला, तर तो भाग ८०ने खरबरीत करून पुट्टीचा नवा हात द्या. प्रायमर एनसीचा, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा, नुसता थिनर घालून मारायचा, असेल तर मात्र तेवढ्या भागातला काढून टाका, त्यावर पुट्टी टिकत नाही.

घासताना एन-९५ मास्क लावा. टू-के प्रायमर आणि पेंट फवारताना तो मास्क पुरत नाही, हार्डनरमधलं आयसोसायनेट छातीला वाईट आहे. माझा सल्ला असा की घासण्याचं काम घरी जीव ओतून करा आणि फवारणी गॅरेजमध्ये बूथमध्ये, म्हणजे रंग मारायच्या बंद खोलीत, करून घ्या.

तपासायला बोटाचं टोक चालत नाही. तळहाताखाली पातळ सुती रुमाल घ्या आणि चांगल्या पत्र्यापासून सुरू करून पोच्यावरून पलीकडे सावकाश न्या, मला डोळे मिटून जास्त कळतं. प्रायमर घासून झाला की रात्री दार ओलं करा, ट्यूबलाइट लावा आणि खाली वाकून तिची रेघ दारावर बघा. डोकं थोडं हलवलं की ती रेघही सरकते. जिथे ती मोडते तिथे पेन्सिलीने गोल करा, आणि सकाळी तिथूनच पुन्हा ठोकळा फिरवायला घ्या.